एक शेड, दोन गाड्या

बुधवारची सकाळ. हिंजवडीतल्या ऑफिसात स्टेटस मीटिंग चाललेली, समोर प्रेझेंटेशनची सत्ताविसावी स्लाइड आणि टेबलावर मोबाइल थरथरतोय. स्क्रीनवर 'बाबा'. आमचे बाबा ऑफिसच्या वेळेत कधीच फोन करत नाहीत. पोटात गोळाच आला. 'एक्सक्यूज मी' म्हणत मी धावत बाहेर.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. एक गाडी काढावी लागते."

"कुठे काढायची?"

"विकावी लागते गं. शेडात आता एकच मावते. कोणती ठेवायची ते तू सांग. तुला कळते गाड्यांतलं."

मला गाड्यांतलं कळतं, हा आमच्या घरातला जुना गैरसमज. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते. म्हणजे पिस्टनची किंमत मला पैशांपर्यंत पाठ, पण पिस्टन समोर ठेवला तर ओळखीनच याची गॅरंटी नाही. पण चिमूरला हे कोणाला सांगणार? मुलगी पुण्याला 'गाड्यांच्या लाइनीत' आहे, विषय संपला.

तर शेडची गोष्ट अशी. आमचं घर चिमूरचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. घराला मोठं अंगण, अंगणात टिनाचं लांबलचक शेड आणि शेडात दोन गाड्या. गेल्या वर्षी बाबा आणि काकांची वाटणी झाली. भांडण वगैरे नाही, पण बोलणं कमी झालं. अंगणाच्या मधोमध आता भिंत येणार, आणि भिंत थेट शेडातून जाणार. आमच्याकडे उरणार एका गाडीपुरती जागा.

आता गाड्या कोणत्या, ते सांगते. एक, आबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. रंग दुधी, घरातलं नाव 'फियाट'. दुसरी, बाबांनी १९९८ मध्ये सेकंडहँड घेतलेली मारुती ८००. मॉडेल १९९४, रंग पांढरा, घरातलं नाव 'आठशे'. दोघीही चालू. दोघीही छोट्या. आणि दोघींच्या मध्ये एक अख्खा जमाना.

४४ विरुद्ध ३५

आपण ऑफिसवाले. प्रश्न पडला की आपण काय करतो? बरोबर, एक्सेल उघडतो! त्याच रात्री मी शीट बनवली. सहा कॉलम: दिसणं, मायलेज, स्पेअर पार्ट, जागा, बाजारभाव, आठवणी. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

दिसण्यात पद्मिनीला दहा, आठशेला चार. मायलेजमध्ये उलटं. बाबांच्या वहीप्रमाणे पद्मिनी लिटरला दहा-अकरा देते, आठशे सतरा-अठरा. म्हणून चार आणि नऊ. स्पेअर पार्टही चार आणि नऊ. जागेला आठ आणि पाच, बाजारभावाला आठ आणि दोन. आणि आठवणींना पद्मिनीला सरळ दहा, आठशेला सहा. बेरीज मारली: पद्मिनी ४४, आठशे ३५. सामना एकतर्फी!

खरं सांगायचं तर बेरीज मारायच्या आधीच माझं ठरलेलं होतं. पद्मिनी म्हणजे काय चीज आहे बॉस! त्या गोल कडा, क्रोमची जाळी, दारं लावताना येणारा तो 'धप्प' असा आवाज. तिच्या बॉनेटला टेकून काढलेल्या माझ्या एका फोटोला जेवढे लाइक मिळाले तेवढे माझ्या लग्नाच्या फोटोंनाही मिळाले नव्हते. आणि आठशे? आठशेला टेकून कोण फोटो काढतं?

शनिवार-रविवारला दोन दिवस रजा जोडली आणि निघाले. पुण्याहून रात्रीची गाडी, नागपूर, तिथून उमरेड, भिसी करत चिमूर. नागपूरपासून शंभरेक किलोमीटर. बॅगेत शीटची प्रिंट. बाबांना कागदावर दाखवलं की पटतं.

सोलापूरचा माणूस, तुरीनची गाडी

आता थोडा इतिहास. वाचा, पुढे उपयोगी पडतो.

पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची. संस्थापक वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा. जहाजं, विमानं, मोटारी, भारतात जे बनत नाही ते बनवायचं, हा या माणसाचा ध्यास. पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून मोटारी बनू लागल्या. आपली पद्मिनी मुळात तुरीनच्या फियाट ११०० ची लेक. १९६४ मध्ये ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, मग 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. नाव चित्तोडच्या राणीचं. कागदावर नाव बदललं, पण लोकांच्या तोंडात ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. ताकद मागच्या चाकांना. गिअरचा दांडा जमिनीतून नाही, स्टिअरिंगच्या खांबाला. त्यामुळे पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. ड्रायव्हरच्या बाजूला दोघं आरामात, आणि लहान पोर असेल तर तिसरंही.

पण ती हवी म्हणून मिळायची का? छे! गाड्या थोड्या, मागणी मोठी, परमिट-लायसनचा काळ. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. आबांनी नंबर लावला तेव्हा काका शाळेत होते. गाडी आली तेव्हा काकांना मिशी फुटली होती. आमच्या घरात काळ असाच मोजतात.

आठशेची कुंडली एकदम वेगळी. १४ डिसेंबर १९८३. इंदिरा गांधींनी हरपालसिंग नावाच्या इंडियन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्याच्या हातात पहिल्या गाडीची किल्ली दिली. सरकारची कंपनी, जपानच्या सुझुकीची भागीदारी, कारखाना गुडगावला. इंजिन ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, ताकद पुढच्या चाकांना, चाकं बारा इंचांची. लोक हसले म्हणे, ही काय काडेपेटी! पण किंमत पन्नास हजारांच्या आत होती आणि काडेपेटी सकाळी एका किल्लीत पेटायची. १९८६ मध्ये तिचं रूप बदललं, आणि आज आपण 'आठशे' म्हणून ओळखतो तो चेहरा तेव्हापासूनचा.

लांबीत दोघींचा फरक फक्त हातभर, बरं का. पद्मिनी सुमारे ३.९ मीटर, आठशे सुमारे ३.३. पण पद्मिनीत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं आणि आठशेत बसलं की खुर्चीत.

दोघीही आता इतिहासजमा. पद्मिनीचं उत्पादन शतक बदलता बदलता थांबलं. मुंबईत नोंद झालेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा अख्ख्या मुंबईने उसासे टाकले. आठशे २०१० मध्ये प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे मोठ्या शहरांतून गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून. तेव्हा उसासे? थोडेसे. कारण तोपर्यंत प्रत्येकाच्या घरी, शेजारी, मामाकडे एक आठशे होतीच. जी वस्तू सगळीकडे असते तिच्यासाठी कोण रडतं?

चोक ओढा, पण जपून

पोचल्या पोचल्या बाबांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बेरीज स्वतः करून बघितली (दुकानदार माणूस!) आणि खूश झाले. "हेच म्हणून राहिलो मी. आबांची गाडी आहे. घराची शान आहे."

आई चहा गाळत होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिचा होकार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, "दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघू. प्रॉपर टेस्ट ड्राइव्ह!" रस्ता ठरला चिमूर ते कोलारा. ताडोबाचं कोलारा गेट आमच्याच तालुक्यात, वीस-पंचवीस किलोमीटरवर.

पहिली पद्मिनी. बाजूला बाबा. थंडीचे दिवस, म्हणून मी चोक ओढला. मग अजून ओढला. मग किल्ली फिरवत राहिले. गाडी खोकली, थुंकली आणि गप्प झाली. पेट्रोलचा वास आख्ख्या अंगणात.

"पाजलं नं तिला जास्तीचं!" बाबा म्हणाले. "पाच मिनिटं बस आता शांत. आबा इथं विडी ओढायचे." म्हणजे बाहेर उभं राहून, तेही सांगितलं त्यांनी.

पाच मिनिटांनी ती निघाली आणि काय निघाली! स्टिअरिंग जड, पण एकदा वेग घेतला की गाडी रस्त्यावर अशी बसते की खड्डासुद्धा 'माफ करा' म्हणून जातो. ब्रेक मात्र आधी विचार करून मारायचा. आयत्या वेळी आठवला तर उपयोग नाही. गिअर बदलताना खांद्यापासून हात हलवावा लागतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक चालवणाऱ्या माझ्यासारखीचा तर पंधरा मिनिटांत दंड भरून आला. पण मजा! दोन्हीकडे सागवान, बांबू, मोह. काच खाली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वळून बघतोय, एक सायकलवाले आजोबा तर चक्क उतरून उभे राहिले.

आणि बाबा बोलत होते. थांबतच नव्हते. माघात श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरली की पाहुण्यांना आणायला हीच गाडी, एका खेपेत नऊ माणसं. गल्लीतला कोणताही नवरदेव असो, घोड्यानंतर हीच गाडी. कोणाची बाळंतीण अडली, हीच गाडी. "गाडी आपली, पण गावाची होती," बाबा म्हणाले. "ही आठशे आली आन् माणसं आपापली झाली. चार सीटा, चार माणसं, दार लाव."

वा! मला लेखाचं हेडिंगच मिळालं. पद्मिनी म्हणजे 'आपण सगळे', आठशे म्हणजे 'आम्ही चौघे'. एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब. अंगणात येणारी भिंत त्यातच बसत होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागले. दुपारपर्यंत थिअरी तयार झाली.

संध्याकाळपर्यंत ती मोडली.

समोरचा रस्ता

दुपारी आठशेची पाळी. बाबा झोपले होते. मी किल्ली घ्यायला गेले तर खिळ्यावर किल्ली नाही. आईच्या पर्समध्ये होती.

"चल, मीच येते," आई म्हणाली. "तशीही मला निघायचंच होतं." आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. १९९९ मध्ये तिची बदली चिमूरपासून अठरा किलोमीटरवरच्या गावात झाली. एसटी दिवसातून दोनदा. सकाळची शाळेच्या आधी दीड तास पोचवायची आणि परतीची शाळा सुटायच्या आधीच जायची. तेव्हा आई ३७ वर्षांची. दारात दोन गाड्या आणि घरातली बाई रस्त्यावर लिफ्ट मागतेय, असं महिनाभर चाललं. मग एका रविवारी तिने आठशेची किल्ली उचलली आणि आठवडी बाजाराच्या रिकाम्या जागेत शिकायला सुरुवात केली. मी नऊ वर्षांची, मागच्या सीटवर. गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि मी हसून हसून लोळायचे. माझ्या शीटमध्ये आठशेला आठवणींचे सहा मार्क मिळाले होते ते याच उड्यांचे. पुढचं मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण कधी विचारलं नव्हतं.

"२१ वर्षं गेले मी ह्या रस्त्यानं," आई सांगत होती. तिचा हात गिअरवर असा, जणू ताकाची रवी. "एकटी नाही. आम्ही चौघी होतो. तीन मॅडम वाटेत चढायच्या. पेट्रोलचे पैसे चौघींत. येताना कोणाचं दळण, कोणाचं औषध, कोणाचं पोरगं. परीक्षा असली की मुली मागच्या सीटवर सहा-सहा बसायच्या, मांडीवर मांडी."

चार सीटा, चार माणसं, दार लाव… माझ्या थिअरीचा पहिला टायर पंक्चर.

"ते वळण पाहून घे," तिने बोट दाखवलं. "तिथं वाघ होता. डिसेंबर महिना, शाळेत कार्यक्रम होता म्हणून उशीर झालेला. रस्त्याच्या मधोमध बसून होता. मी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, काचा वर. चौघी एकमेकींचे हात धरून. दहा मिनिटं बसला. उठला, आळस दिला तेव्हा कळलं, गाडीएवढाच लांब होता की काय!"

"बाबांना माहीत आहे?"

"वेडी का? दुसऱ्या दिवशी किल्ली दिली असती का त्यांनी?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिने गाडी बाजूला घेतली. समोर रस्ता सरळ जंगलात जात होता. कोलाऱ्याकडून पर्यटकांना घेऊन एक जिप्सी आली आणि गेली. मी धीर करून विचारलं, "आई, पण पद्मिनी विकायची म्हणजे जीव तुटतो की नाही? तू तर लग्न होऊन त्याच गाडीतून आलीस ना?"

"हो. १९८७ ला. आन् तेव्हापासून मागेच बसले." आई रस्त्याकडेच बघत होती. "समोर तुझे आबा, त्यांच्या बाजूला तुझे काका. गाडी चालवायला तुझे बाबा. मागे मी, आजी, पोरं आन् डबे. आबा गेले तरी जागा तीच. मला त्या गाडीबद्दल काही राग नाही. चांगली गाडी आहे. पण तिच्यातून मला रस्ता कधी दिसलाच नाही. पुढच्या माणसांची डोकी दिसली. ह्या गाडीत मी पहिल्यांदा समोरचा रस्ता पाहिला."

मी गप्प.

"तुझा कागद पाहिला मी," ती पुढे म्हणाली, आवाज अगदी साधा, वर्गात चूक दाखवतात तसा. "त्यात सगळं आहे. कोण चालवते, तेवढं नाही."

सातवा कॉलम

तुम्हाला सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. शीट उघडली आणि सातवा कॉलम टाकला: 'कोण चालवतं?' आणि हिशेब सुरू केला.

पद्मिनी. बाबा महिन्यातून एकदा काढतात, बॅटरी उतरू नये म्हणून. काका वर्षाकाठी एकदा, घोडायात्रेला. मी फोटोपुरती.

आठशे. आई, रोज. २०२० मध्ये रिटायर झाली तरी रोज. बँक, बाजार, त्या तीन मॅडमपैकी एकीला दर आठवड्याला दवाखाना, उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या. आज दुपारी तिला 'निघायचंच होतं' ते त्या मैत्रिणीकडेच. माझ्या टेस्ट ड्राइव्हसाठी तिने आपलं काम बाजूला ठेवलं होतं.

आपण शहरातली माणसं 'क्लासिक' कशाला म्हणतो, कधी विचार केलाय? जी वस्तू आपल्याला आता वापरावी लागत नाही, तिला! पाटा-वरवंटा क्लासिक, कारण मिक्सर आहे. पत्र क्लासिक, कारण मोबाइल आहे. आठशे माझ्यासाठी क्लासिकच्या वाटेवर होती, कारण माझ्याकडे दुसरी गाडी आहे. आईसाठी ती फक्त गाडी होती. चालू, कामाची, तिची. आणि मी तिची चालू गाडी विकून न चालवायची गाडी ठेवायला निघाले होते, तेही मार्क देऊन!

बरं, सरकारी नियमही बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला खास नंबर मिळतो. आमची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशी गाठणार. मी त्यावर भलतीच खूश होते. पण खालच्या ओळी वाचल्याच नव्हत्या. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे राणीला किताब मिळणार आणि बाहेर पडायची बंदी. नको असेल तर नेहमीची पुनर्नोंदणी आहेच. तिचं मोटारीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५००० झालं होतं, त्याच्या पुढे फिटनेस वगैरे वेगळं.

सकाळी मिस्त्रीभाऊंना बोलावलं. दोन्ही गाड्या त्यांच्याच हाताखालच्या. त्यांनी बॉनेट उघडली, रबरी पायपांवरून बोट फिरवलं. "आता पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल जास्त येते ताई. जुन्या रबराले ते मानवत नाही. दोघींचेही पाइप बदलून घ्या. चालत राहिली तर गाडी सांगते तिले काय होऊन राहिलं ते. उभी राहिली तर सांगत नाही."

"भाऊ, तुम्ही कोणती ठेवाल?"

ते हसले. "मले काहून विचारता? चालवते त्याले विचारा."

अख्ख्या जगाला कळलं होतं. माझ्या एक्सेलला सोडून.

भिंतीच्या पलीकडे

बाबांना सांगणं सोपं नव्हतं. मी शीट परत समोर ठेवली, सातव्या कॉलमसकट. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिनं मले कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"तू विचारलं होतं?"

बरोबर होतं त्यांचं. एक-एक.

मग पद्मिनीचं काय? भंगारात द्यायची कल्पनाही नको. नागपूरचा एक हौशी माणूस तिच्यासाठी बरे पैसे देत होता. बाबा दोन वेळा फोनपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी आईनेच विचारलं, "आबांची गाडी. वाटणीच्या कागदावर ती कोणाच्या नावावर लिहिली?"

बाबा दचकलेच. भांडी लिहिली होती, विहिरीचं पाणी लिहिलं होतं, चिंचेचं झाडसुद्धा लिहिलं होतं. गाडी लिहिलीच नव्हती. भावाभावांनी इतकं वाटलं, पण तिचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नव्हतं.

"मग ती अर्धी त्यांची नाही का?" आई म्हणाली. "त्यांच्याकडच्या शेडात राहू द्या. अर्ध्या शेडात अख्खी गाडी."

बाबांना काकांकडे जायला तीन दिवस लागले. पन्नास पावलांचं अंतर. या तीन दिवसांत त्यांनी पद्मिनी दोनदा धुतली, चाकांत हवा भरून आणली, दाराच्या बिजागरीला तेल दिलं. मी रजा एक दिवस वाढवली. मॅनेजरला काय सांगणार? 'फॅमिली इमर्जन्सी' लिहिलं. खोटं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी बाबा गेले. परत आले तेव्हा हातात किल्ली नव्हती. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "ठेवतो म्हणते. पण चोक ओढायले मलेच बोलावणार आहे. त्याले आजही जमत नाही."

भिंत तर होणारच आहे. विटा येऊन पडल्यात. काकांचं आणि बाबांचं सगळं एकदम गोड झालं असंही नाही. पण महिन्यातून एकदा बॅटरीसाठी बाबांना पलीकडे जावं लागेल. पाच मिनिटं चोक, पाच मिनिटं शांत बसणं, मग एक चक्कर. बाजूला काका बसतील. आणि या वेळी मागे कोणी बसायला हवंच असं नाही.

निघायच्या दिवशी मला नागपूरला सोडायला आई आली. आठशे घेऊन. उमरेडच्या अलीकडे मी म्हटलं, "दे, थोडी मी चालवते."

"तू बस," आई म्हणाली. "तुला पुण्यात रोजच चालवावी लागते."

तिने गिअर टाकला. मी काच खाली केली आणि समोरचा रस्ता बघत बसले.